शून्य हिट पॉइंट म्हणजे मरण: डन्जन्स अँड ड्रॅगन्सची जुनी आवृत्ती बरी की नवी?

मशालवाला (धागाकर्ता)

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र घेऊन फाशांवर आणि बोलून खेळायचा खेळ. त्याची पाचवी आवृत्ती सहा वर्षं खेळलो, म्हणजे २०१४ ची. मध्यंतरी आमच्या गटाने १९८१ चा बेसिक संच काढला आणि आता परत फिरावंसं वाटत नाही. का ते सांगतो, पटलं नाही तर खोडून काढा.

हिट पॉइंट म्हणजे पात्रात उरलेला जीव. बेसिकमध्ये शून्य हिट पॉइंट म्हणजे मरण. पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-युझरला (जादूगाराला) चार बाजूंच्या फाशावर पडतील तेवढेच हिट पॉइंट. पाचवीत शून्यावर आलात तर नुसते बेशुद्ध पडता. मग दर फेरीला वीसचा फासा टाकायचा, १० किंवा जास्त पडले की यश. तीन यशांत जीव वाचतो, तीन अपयशांत जातो. मध्ये कुणी बरं करणारा मंत्र टाकला की गडी लगेच उभा, आणि एक लांब विश्रांती घेतली की सगळे हिट पॉइंट परत. आमच्यात कुणी पडलं तर बाकीचे मानही वर करायचे नाहीत. क्लेरिक, म्हणजे बरं करणारा पुरोहित, उठवेल, हे ठरलेलंच.

बेसिकच्या दुसऱ्याच बैठकीत एक दगडी बोळ लागला. पुढे जायची कुणाची छाती होईना. शेवटी एकीने पखालीतलं पाणी फरशीवर ओतलं. डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणाला, पाणी संथ पुढे जातंय, आणि चौथ्या फरशीपाशी चारी कडांनी आत झिरपतंय. खड्ड्याचं झाकण! एकही फासा न टाकता आम्हाला ते सापडलं. मरणाची भीती असते म्हणूनच डोकं असं चालतं.

वीसचा_फासा

साफ असहमत. पाणी ओतायला पाचवीत कुणी बंदी घातली आहे? आणि तुमच्या गटात चोर नव्हता का? असता तरी काय उपयोग म्हणा. बेसिकमध्ये पहिल्या लेव्हलच्या चोराला सापळा सापडायची शक्यता १०%, कुलूप उघडायची १५%. ज्याचा धंदाच हा, तो दहातून नऊ वेळा चुकणार. तुमचा मॅजिक-युझर दिवसातून एकदा स्लीप हा झोपवायचा मंत्र टाकणार आणि मग बैठक संपेपर्यंत खंजीर धरून मागे उभा राहणार. समोर हाडामांसाचा खेळाडू बसलेला असतो, तीन तास वेळ काढून आलेला. पाचवीतल्या विझार्डला दर फेरीला टाकता येतील असे छोटे मंत्र मिळतात, ते लाड म्हणून नव्हेत, त्या माणसाला खेळता यावं म्हणून.

मशालवाला

चोराचे आकडे वाईट आहेत, मान्य. पण करता येणं वेगळं आणि करावं लागणं वेगळं. पाचवीत आमचा हात आधी कॅरेक्टर शीटकडे, म्हणजे पात्राच्या आकड्यांच्या कागदाकडे जायचा. "परसेप्शन (निरीक्षण) टाकतो." १७ पडले. "हो, सापळा आहे." झालं. बोळ कसा होता, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

पडद्यामागून

मी बरीच वर्षं डीएम आहे आणि खेळाडू म्हणून सुरुवात जुन्या ॲडव्हान्स्डवर केली, म्हणजे बेसिकहून वेगळ्या नियमसंचावर, १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकवर. दुसऱ्या आवृत्तीतल्या थॅकोबद्दल, म्हणजे फटका लागायला किती पडायला हवेत ते काढायच्या आकड्याबद्दल, फार लिहीत नाही. आर्मर क्लास (बचावाचा आकडा) कमी असेल तितका चांगला, थॅकोतून तो वजा करायचा आणि उणे असेल तर मिळवायचा. चार बैठकींत सवय होते. मला बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीबद्दल.

माझी पहिली फायटर, म्हणजे लढवय्यी स्त्री-पात्र. ताकदीला १८ पडले. त्या नियमांत १८ वाल्या फायटरला वर शंभराचा फासा टाकायला मिळतो. माझे ८१ पडले, सगळे ओरडले. डीएमने पुस्तक उघडलं, बोटाने ओळ दाखवली आणि ८१ खोडून ५० लिहिलं. माणूस जातीच्या पुरुषाला कमाल १८/००, स्त्रीला १८/५०. तो कागद अजून माझ्याकडे आहे, खोडलेल्या आकड्यासकट. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हा नियम काढला. एल्फ, बुटके वगैरेंच्या लेव्हलवरची बंधनं जायला मात्र २००० ची तिसरी आवृत्ती यावी लागली. "जुनं ते सोनं" म्हणताना हेही त्याच पुस्तकात होतं, हे विसरू नका.

मशालवाला

हा नियम वाईटच होता, त्याची बाजू मी घेणार नाही. फक्त १९८१ च्या बेसिकमध्ये तो नाही.

तीन_पूर्णांक_पाच

मरण, थॅको यावर दोघंही उगाच अडकलात. खेळ कसा खेळला जाणार ते ठरतं अनुभवगुण कशाचे मिळतात यावर. बेसिकमध्ये बाहेर आणलेल्या एका सुवर्णनाण्याला एक गुण. गॉब्लिन (छोटा राक्षस) मारला तर ५, तेही सगळ्यांत वाटून. आणि फायटरला दुसऱ्या लेव्हलला लागतात २०००. म्हणजे नुसत्या मारामारीवर एकट्याने ४०० गॉब्लिन मारायचे! पाचवीत गॉब्लिनचे ५० आणि दुसऱ्या लेव्हलला ३००, म्हणजे सहा गॉब्लिन. आता सांगा, कुठल्या गटाला तलवार काढावीशी वाटेल आणि कुठल्या गटाला गॉब्लिनशी बोलावंसं वाटेल? त्यात बेसिकमध्ये भेटणारा प्रत्येक प्राणी लढायलाच उठत नाही. डीएम सहाचे दोन फासे टाकून त्याचा कल बघतो, आणि लढाई अंगाशी आली की धीर सुटतो का ते पुन्हा दोन फाशांवर. हे दोन तक्ते हळूहळू बाजूला पडत गेले. माझ्या लाडक्या ३.५ मध्येसुद्धा (तिसरीची सुधारित आवृत्ती), हे सांगताना वाईट वाटतं.

वीसचा_फासा

हा मुद्दा पटला. पण बऱ्याच टेबलांवर आता गुण मोजतच नाहीत, कथेचा टप्पा आला की सगळ्यांची लेव्हल वाढते. आमच्याकडे एकीने दोन वर्षं एक पात्र सांभाळलंय. हरवलेला भाऊ, मोडलेली शपथ, सगळं तिने स्वतः रचलेलं. ते एका विषारी कोळ्याच्या चाव्यात संपवायचं? मी नाही संपवणार.

पडद्यामागून

ती दोन पानं मी उचलली आहेत, तीन_पूर्णांक_पाच. नियम पाचवीचे, गुण सोन्याचे आणि कल बघायचे दोन फासे. परवाच्या बैठकीत पुलावर आठ गॉब्लिन भेटले. फाशांवर ९ पडले, म्हणजे देणंघेणं ऐकून घ्यायची तयारी. आमचा बार्बेरियन, जो कायम आधी कुऱ्हाड उचलतो, त्याने विचारलं, "तुम्हाला या पुलावर कुणी बसवलंय?" पुढचा पाऊण तास कुणी हत्याराला हात लावला नाही.

मशालवाला

वा! आणि शून्यावर मरण?

पडद्यामागून

नाही. ते मी आणणार नाही. खोडलेला एक कागद पुरे आहे मला.

मशालवाला

मग तेवढ्यावर आपलं अडलेलंच आहे. तो पूल मात्र मला माझ्या गटासाठी हवाय. कुणी बसवलं होतं त्यांना तिथे?