√२ ची सिद्धता √४ ला लावली तर कुठे अडते?

प्रश्न: √२ अपरिमेय आहे हे दाखवताना आपण √२ = प/क धरतो; प आणि क हे पूर्णांक, त्यांत १ सोडून सामाईक अवयव नाही. मग प² = २क², म्हणून प ला २ ने भाग जातो, त्यावरून क लाही जातो, आणि ही विसंगती. हीच सिद्धता √४ ला लावली तर √४ सुद्धा अपरिमेय ठरते! चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे?

उत्तर १: प² = ४क² इथपर्यंत सगळं बरोबर. "प² ला ४ ने भाग जातो, म्हणून प लाही जातो" ही ओळ चुकीची. ६² = ३६ ला ४ ने भाग जातो, ६ ला जात नाही. २ ही मूळ संख्या आहे, म्हणून तिथे हे चालतं. इथे फक्त प = २म मिळतं, मग म² = क², आणि विसंगती येतच नाही. √६ ला मात्र सिद्धता चालते, कारण ६ = २ × ३ मध्ये कोणताही मूळ अवयव दोनदा येत नाही. ही पायरी कारणासकट लिहाच, सगळा भार तिच्यावर आहे.

उत्तर २: एक भर. "परिमेय आहे" धरून विसंगती आली, म्हणून "परिमेय नाही": हे गणितज्ञ ब्राउवरच्या अंतःप्रज्ञावादी तर्कातही (जिथे "आहे" म्हणायला थेट सिद्धता लागते) चालतं. उलट "नाही" धरून विसंगती काढली आणि "आहे" म्हटलं, की तिथे अडतं. त्यासाठी "विधान खरं किंवा त्याचा नकार खरा" हा नियम लागतो.