काळ्या जमिनीत सेप्टिक टँक: परवानगी कोणाची आणि माती कशी तपासावी?

गावाकडचे घर (तालुका कळमेश्वर, जिल्हा नागपूर):
वडिलोपार्जित जागेवर येत्या दिवाळीनंतर घर बांधायचे ठरले आहे. गावात भूमिगत गटार नाही. जागेत वरची साडेतीन-चार फूट काळी माती असून खाली मुरूम लागतो, आणि शेजाऱ्यांची पिण्याच्या पाण्याची विहीर आमच्या मागच्या कुंपणापासून जेमतेम पंधरा फुटांवर आहे. गवंडी म्हणतात की टाकीला तळच घालू नका, पाणी आपोआप मुरेल आणि उपशाचा खर्च वाचेल. मला हे पटत नाही, पण कारण नेमके सांगता येत नाही. घरात सहा माणसे राहतील. टँकसाठी वेगळी परवानगी लागते का, आणि आमच्या मातीत शोषखड्डा चालेल का?

निवृत्त स्थापत्य अभियंता, नागपूर:
भाऊ, तुमची शंका रास्त आहे. टाकीत मैला खाली बसतो आणि काही अंशी कुजतो, परंतु बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू मोठ्या प्रमाणात शिल्लक असतात. ते पाणी गाळण्याचे खरे काम पुढे माती करते. टाकीला तळ नसेल तर मैला बसण्याआधीच घाण पाणी जमिनीत उतरते आणि शेजाऱ्यांच्या विहिरीकडे जाऊ शकते.

सेप्टिक टँकसाठीच्या भारतीय मानक २४७० (१९८५) च्या दुसऱ्या भागात मातीची चाचणी दिली आहे. शोषखड्डा किंवा चर जितका खोल जाणार, तितका लहान खड्डा खणून त्याच्या बाजू खरवडाव्यात, तळाशी ५० मिमी जाड वाळू किंवा बारीक खडी टाकावी आणि रात्रभर पाणी भरून माती पूर्ण भिजू द्यावी. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर १५० मिमी पाणी ठेवून ते अर्ध्या तासात किती उतरते ते मोजावे आणि २५ मिमी उतरायला किती मिनिटे लागतात, याचा हिशेब काढावा. तीस मिनिटांच्या आत असेल आणि भूजल पुरेसे खोल असेल तर शोषखड्डा चालतो. तीस ते साठ मिनिटे लागत असतील तर पाणी उथळ चरांतून पसरवावे लागते. त्याहून अधिक लागत असतील तर शोषखड्ड्याचा विचार सोडून गाळणीची व्यवस्था करावी.

ही चाचणी मे महिन्यात मात्र करू नये. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, पाणी त्या भेगांतून झरझर जाते आणि जमीन चांगली असल्याचा भ्रम होतो. पावसाळ्यात तीच माती फुगून भेगा मिटवते व पाणी जवळपास अडवते. श्रावण-भाद्रपदात, जमीन भिजलेली असताना मिळालेला आकडाच खरा धरावा.

संत्र्याचा बगीचा, काटोल:
याची दुसरी बाजू आम्ही भोगली आहे, म्हणून लिहितो. आमच्या कंत्राटदाराने काळी माती टाळण्यासाठी शोषखड्डा मुरमाच्याही खाली, थेट बेसाल्टच्या भेगाळ खडकापर्यंत नेला. पाणी इतके वेगाने जिरत होते की आम्ही समाधानी होतो, पण पहिल्याच पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला वास आला आणि तपासणीत मैल्यातील जिवाणू आढळले. खडकातील भेग पाणी गाळत नाही, ते जसेच्या तसे वाहून नेते. जमीन फार हळू पाणी घेत असेल तर अंगणात डबके साचलेले दिसते, म्हणून माणूस सावध होतो. फार वेगाने घेत असेल तर काहीच दिसत नाही, आणि मला तेच जास्त धोक्याचे वाटते.

गावाकडचे घर:
दोघांचेही आभार. विहिरीपासून किती अंतर सोडावे?

निवृत्त स्थापत्य अभियंता, नागपूर:
पाणी मुरवण्याची जागा पिण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर, म्हणजे सुमारे साठ फूट, आणि घरापासून किमान ६ मीटर दूर असावी, असे तेच मानक सांगते. तेव्हा शौचालय मागे न ठेवता रस्त्याच्या बाजूस घ्यावे. सहा माणसांसाठी मानकातील दहा जणांचे माप धरावे: लांबी २ मीटर, रुंदी ०.९ मीटर, आणि दोन वर्षांनी उपसा करायचा असल्यास पाण्याची खोली १.४ मीटर. काळी माती फुगून भिंतींवर दाब देते, म्हणून टाकीभोवती मुरमाचा भराव करून तो चांगला ठोकावा.

परवानगीबाबत, टँकसाठी निराळा परवाना मिळत नाही. घराच्या नकाशातच टाकी, शोषखड्डा आणि विहिरीपासूनचे अंतर दाखवावे लागते. गाव नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे का, ते आधी पाहावे, कारण तेथे नियोजन प्राधिकरण तेच आहे. हद्दीबाहेरच्या गावठाणात ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी घ्यावी. शेजाऱ्यांची विहीर नकाशात अवश्य दाखवा, कोणी विचारले नाही तरीही.

संत्र्याचा बगीचा, काटोल:
उपशाची गाडी टाकीपर्यंत पोहोचेल एवढी वाट आतापासूनच मोकळी ठेवा. वाट नसली की लोक मजुराला आत उतरवतात; आतील विषारी वायूने जीव जातो, आणि हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने असे काम करवून घेणे हा गुन्हाही आहे.

गावाकडचे घर:
शौचालय पुढे घेऊन नकाशा नव्याने काढायला सांगितले आहे. ऑगस्टमध्ये खड्डा खणून आकडा येथेच कळवतो, तोपर्यंत पाया आखणार नाही.