घरी आल्यावरची पहिली रात्र
बाळाची छाती उघडून ऑपरेशन चालू असतं, ते तास आईबापासाठी सगळ्यात कठीण, असं म्हणतात. असतील. पण आमच्या लेकीच्या ऑपरेशनच्या वेळी मी आणि बायको दगडासारखे बसून होतो. कोसळलो ते घरी आल्यावर. आयसीयूत मॉनिटरच्या आवाजाने डोकं उठायचं, आणि घरी पहिल्या रात्री तोच आवाज नाही म्हणून झोप लागेना. दर १० मिनिटांनी लेकीच्या नाकाखाली बोट धरून बघायचो.

त्यात ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड जुळून यायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, तोवर बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. नर्सने बाहुलीवर शिकवलं होतं, तरी एकदा बायकोने सवयीने काखेतून उचललं आणि मग तीच तासभर रडत बसली. लेकीला काही झालं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या वेळा होत्या, आमच्या या अवस्थेबद्दल अवाक्षर नाही. पुढच्या तपासणीला मी बिचकतच डॉक्टरांना हे सांगितलं (बापाने कसं सांगायचं, हा मूर्खपणा होताच), तर त्यांनी लगेच समुपदेशकाकडे पाठवलं. पहिल्या भेटीत मी अर्धा तास नुसता रडलो.