सगळं मंदीच्या माथी कसं मारणार?

'क्रिस्टल कॅथीड्रल हे अमेरिकेतलं चर्च मंदीमुळे बुडालं आणि त्याची इमारत बंद पडली' असं म्हणतात. मला ते अर्धंच पटलं. देणग्या आटल्या हे कबूल. पण कॅलिफोर्नियातल्या गार्डन ग्रोव्हच्या या चर्चमध्ये घरचं भांडण दिवाळखोरीआधीच चव्हाट्यावर आलं होतं. चर्चचे संस्थापक पाद्री रॉबर्ट शुलर यांनी २००६ साली गादी मुलाला दिली आणि २००८ मध्ये 'अवर ऑफ पॉवर' या टीव्ही कार्यक्रमातून त्याला बाजूला केलं. पुढे सूत्रं मुलीकडे गेली. या चर्चचा मोठा देणगीदार टीव्हीसमोर बसलेला! पडद्यावरचा ओळखीचा चेहरा गेला की त्याचा चेकही थांबतो.

खर्च मात्र थांबत नाही. दहा हजारांहून जास्त काचांची ती इमारत, टीव्हीवरचा वेळ, डोक्यावर सुमारे ३.६ कोटी डॉलरचं गहाणकर्ज. ऑक्टोबर २०१० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा नाताळच्या नाटकासाठी जनावरं पुरवणाऱ्यांचीही बिलं थकलेली होती. मला तरी बँकेपेक्षा या छोट्या पुरवठादारांचंच वाईट वाटतं.

आणि इमारत 'बंद पडली' नाही. ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताने ती ५.७५ कोटी डॉलरला घेतली. नूतनीकरणानंतर २०१९ पासून ती क्राइस्ट कॅथीड्रल म्हणून सुरू आहे.