मदत हवी आहे: युरोपात वाकळ विकायची तर ‘जबाबदार व्यक्ती’ कुठून आणायची?

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या बचत गटात १४ बायका वाकळा शिवतात. पुण्यामुंबईकडे जिला गोधडी म्हणतात तीच. तीन वर्षं झाली, एका ऑनलाइन बाजारपेठेवरून आम्ही त्या थेट युरोपातल्या गिऱ्हाइकांना पाठवतो. वर्षाला चाळीसेक जातात, निम्म्याहून जास्त जर्मनीला. गेल्या सोमवारी सकाळी उघडून बघते तर जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, सगळीकडची विक्री बंद. मेलमध्ये एवढंच, की युरोपीय संघातल्या जबाबदार व्यक्तीचं नाव, टपालाचा पत्ता आणि ईमेल भरा, मालाच्या सुरक्षिततेची माहिती भरा.

दोन रात्री बसून वाचलं. कळलं ते असं: उत्पादनांच्या सुरक्षेचा सर्वसाधारण नियम, क्रमांक २०२३/९८८, १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालाय. युरोपीय संघात आणि उत्तर आयर्लंडमध्येही. छोटा उद्योग म्हणून सूट नाही. माल बनवणारा संघाबाहेरचा असेल तर संघातलं कुणीतरी त्या मालासाठी उत्तरदायी हवं. त्याचा पत्ता विक्रीच्या पानावरही हवा आणि मालावर किंवा पार्सलवरही. इथपर्यंत समजलं. पुढे अडकले.

माझा भाचा आइंडहोवनला नोकरी करतो. “मावशी, माझं नाव टाक” म्हणतो. टाकू का? पैसे घेऊन हे काम करणाऱ्या कंपन्या आहेत, पण त्यांची वर्षाची फी म्हणजे आमच्या दोघींची महिन्याची मजुरी.

खरी धास्ती रंगांची आहे. आमची वाकळ जुन्या लुगड्यांची. एकीत आठ-दहा लुगडी जातात, कुणाच्या आजीचं, कुणाच्या सासूचं. त्यांना रंग कुठे आणि कशाने दिला होता, हे आता कोण सांगणार? ‘अॅझो’ जातीच्या काही कृत्रिम रंगांतून अमाइन नावाची घातक रसायनं सुटतात, म्हणून तपासणी लागते असं वाचलं. पण आमची एक वाकळ दुसरीसारखी नसतेच. प्रत्येकीतल्या प्रत्येक लुगड्याचा तुकडा कापून दिला तर वाकळ उरणार कशी?

शिवाय एक सल्लागार म्हणाले, आधी ‘सीई’ प्रमाणपत्र काढा (सीई म्हणजे माल युरोपच्या नियमांत बसतो असं सांगणारं चिन्ह), मी काढून देतो. रक्कम ऐकून आमच्या खजिनदार बाई गप्पच झाल्या. हे खरंच लागतं का?

आणि या नियमात मालाचं जोखीम विश्लेषणही मागितलंय, त्यात लिहायचं काय? आम्ही जिवापाड जपतो ती एकच गोष्ट, सुई. जाड थरातून धावदोरा घालताना सुई मोडते. टोक आत राहिलं तर उद्या कुणाच्या तरी अंगात घुसेल. म्हणून सकाळी सुया मोजून देते, संध्याकाळी मोजून घेते. मागच्या श्रावणात एक टोक सापडेना. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक काढून दोघींनी सगळी वाकळ इंच इंच चाचपली. काठाच्या दुमडीत, तीन टाके उसवल्यावर, तांदळाच्या कणीएवढं टोक निघालं. पण याचा कागद आमच्याकडे काहीच नाही.

बायकांना अजून पूर्ण सांगितलेलं नाही. दिवाळीआधीचं काम याच ऑर्डरींवर असतं. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

— वाकळवाली

हॅम्बुर्गकर:

ताई, मी इथे आयातीच्या कागदपत्रांचंच काम करतो. आधी सीईचं बोलतो: पैसे देऊ नका. सीई चिन्ह ठरावीक गटांनाच लागतं, खेळणी, विजेची उपकरणं वगैरे. वाकळ त्यात येत नाही, आणि जिथे सांगितलेलं नाही तिथे ते लावणंच नियमाविरुद्ध आहे. उद्या कापडाच्या बाहुल्या केल्यात तर मात्र लागेल, खेळण्यांचा कायदा वेगळा आहे.

भाच्याचं. संघात राहणारी व्यक्ती तुमची अधिकृत प्रतिनिधी म्हणून ‘जबाबदार व्यक्ती’ होऊ शकते, तुमच्याकडून लेखी अधिकारपत्र हवं. पण हे नुसतं नाव देणं नव्हे. माल तुमच्या कागदांशी जुळतो का हे त्याने अधूनमधून तपासायचं, अधिकाऱ्यांनी मागितलं तर कागद द्यायचे, धोका दिसला तर कळवायचं. त्याच्या घरचा पत्ता तुमच्या पानावर सगळ्यांना दिसेल. तो नोकरीच्या परवान्यावर असेल तर असं काम चालतं का, हे त्याने आधी तिथे विचारावं. मला विचाराल तर फी भरा, पोराला यात घालू नका.

जोखीम विश्लेषण तुम्ही वर लिहिलंच आहे! धोका कोणता, कुणाला, तो टाळायला काय करता, एवढंच त्यात हवं. सुयांची मोजणी तारखेनिशी वहीत लिहा, लोहचुंबक फिरवल्याची सही घ्या. प्रत्येक वाकळेला क्रमांक द्या, फोटो आणि वापरलेल्या कापडाचे तुकडे त्याच क्रमांकाखाली ठेवा. हे कागद १० वर्षं जपायचे असतात.

रंगांचं दुर्दैवाने तुम्ही म्हणता तसंच आहे. अंथरुणा-पांघरुणाच्या कापडात त्या अमाइनांची मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम आहे, आणि एका वाकळेचा अहवाल दुसरीला चालणार नाही. जुन्या कापडाची म्हणूनही सूट मिळत नाही, कारण वाकळ नवीन वस्तू धरली जाते. धाग्यांच्या लेबलाबाबत मात्र सोय आहे: घटक सांगणं कठीण असेल तर ‘मिश्र तंतू’ लिहिता येतं, २०११ च्या १००७ क्रमांकाच्या नियमात ते आहे.

बाळांची दुपटी विकत असाल तर ती तूर्त थांबवा. पाळण्यातल्या पांघरुणांचं वेगळं युरोपीय मानक आहे, इएन १६७७९. तान्ह्या बाळाच्या तोंडावर पांघरूण आलं तर श्वास कोंडतो, तिथे धोका पत्करू नये.

मागवाला:

ताई, मी इचलकरंजीचा. वरच्या थराला एकाच लॉटचं रंगीत सुती कापड घ्या, त्या लॉटची तपासणी एकदाच. मुंबईत प्रभादेवीला वस्त्र समितीची प्रयोगशाळा आहे, तिथे चौकशी करा. एका लॉटमध्ये वर्षभराच्या वाकळा निघतील. अस्तराला मांजरपाट. त्याला रंगच नसतो. आणि आत भरायला जुनी पांढरी धोतरं. जुनं कापड वाकळेत राहील, रंगाची भीती राहणार नाही.

वाकळवाली:

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं. लुगड्यांशिवाय वाकळ, हे बायकांना जड गेलं, मलाही. थोरल्या काकू म्हणाल्या, लुगड्यांच्या इथे विकू, धोतरांच्या तिकडे पाठवू. धोतरं गावात भरपूर निघतील. भाच्याला ‘तुझं नाव नको’ असं कळवलंय, प्रतिनिधी कंपनीकडून दरपत्रक मागवलंय. दुपटी आजच काढून टाकली.

सुयांची वही घातली. काल १४ दिल्या, १४ परत आल्या.

आता एकच अडलंय. जर्मनीसाठी सूचना जर्मनमध्ये लागते ना? मला दोन वाक्यं हवी आहेत: ‘तान्ह्या बाळाच्या पाळण्यात वापरू नये’ आणि ‘थंड पाण्यात, वेगळी धुवावी’. यंत्राकडून करून घेतलेलं भाषांतर छापायला धजत नाही. हॅम्बुर्गकर दादा, तुम्ही लिहून द्याल का?