जुन्या कागदांचे स्कॅन: टिफचा हट्ट कशासाठी?

पिवळंपान (धागाकर्ता)

जुनी मराठी पुस्तकं, मासिकं आणि मोडी कागद स्कॅन करणाऱ्या मंडळींमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे: मास्टर प्रत (जिच्यावरून बाकीच्या प्रती काढायच्या ती मूळ फाइल) टिफ या फॉरमॅटमध्येच ठेवायची, तीही कॉम्प्रेशन (दाबून आकार लहान करणं) न लावता. माझं मत उलट आहे. छापील मजकुराला ९५ क्वालिटीची जेपेग (थोडा तपशील टाकून फाइल लहान करणारा फॉरमॅट) पुरते. टिफच्या हट्टापायी डिस्क भरतात आणि उरलेली पुस्तकं कपाटातच राहतात.

हिशेब बघा. ए४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल, म्हणजे ८६,९९,८४०. रंगीत असेल तर प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे २६ एमबी. ३०० पानांचं पुस्तक ७.८ जीबी. अशी २००० पुस्तकं १५.७ टीबी, आणि तीन ठिकाणी प्रती ठेवायच्या तर ४७ टीबी. जेपेगचं पान अगदी ५ एमबी धरलं तरी हेच काम ९ टीबीत होतं. इंटरनेट आर्काइव्हवरसुद्धा पुस्तकांची पानं जेपीईजी २००० मध्ये झिप करून ठेवलेली दिसतात, टिफमध्ये नाही.

चौकटराजा

मराठी पुस्तकं ए४ नसतात हो, बहुतेक डेमी (ए४ च्या साधारण निम्म्या आकाराची). सगळे आकडे निम्मे करा. (तुमच्या मुद्द्याला धक्का लागत नाही, प्रमाण तेच राहतं.)

दौतटाक

असहमत. आधी त्या ९५ बद्दल. ही टक्केवारी नाही, आणि जेपेगच्या १९९२ च्या मानकात असा आकडाच नाही. मानकात ६४ आकड्यांची नमुना कोष्टकं आहेत. लिबजेपेगमध्ये (जेपेग बनवणारी प्रचलित सॉफ्टवेअर लायब्ररी) ५० म्हणजे ती जशीच्या तशी, ९५ म्हणजे त्यांचा दहावा हिस्सा: उजेडाच्या कोष्टकातल्या पहिल्या १६ चे २ होतात, शेवटच्या ९९ चे १०. फोटोशॉपची पट्टी तर ० ते १२ अशी वेगळीच. दोघांनी '९५ ला सेव्ह केलं' म्हटलं, तरी प्रोग्राम वेगळे असतील तर फायली सारख्या असतीलच असं नाही.

आता शिरोरेषेकडे या. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोन ६४ लहरींच्या बेरजेत मांडतं. आभाळाच्या फोटोत पहिल्या पाच-सहा लहरींत भागतं. शिरोरेषेची कड मात्र कागदाच्या २३० वरून शाईच्या ४० वर दोन पिक्सेलांत उतरते. ती उभी करायला बारीक लहरी लागतात, आणि कोष्टकातले मोठे भाजक नेमके त्यांच्याच वाट्याला येतात. भागाकार पूर्णांकात बसवला की उरलेलं कायमचं गेलं. रेषेच्या वर-खाली फिकट लाटा उमटतात त्या यामुळे.

९५ ला त्या डोळ्यांना दिसत नाहीत, कबूल. पण उडालेली शाई ८० छटांत मावलेली असते. ती ० ते २५५ वर ताणली की लाटाही तिप्पट होतात. मग ओसीआरसाठी (चित्रातली अक्षरं संगणकाने ओळखायला) पान निव्वळ काळं-पांढरं करायचं. अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार ३०० डीपीआयला जेमतेम ६ पिक्सेलांचा असतो. त्याच्या शेजारचा खोटा ठिपका टिकून राहिला की 'हे' चं 'हें' व्हायला वेळ लागत नाही. जुन्या छपाईत तर दोन्ही रूपं खरीच असतात, म्हणजे चूक सापडणारही नाही.

पिवळंपान

एकच पान त्याच स्कॅनरवर लागोपाठ दोनदा स्कॅन करा. दोन टिफ एकमेकांपासून जितक्या वेगळ्या निघतील, तितकी एक टिफ तिच्यापासून केलेल्या ९५ च्या जेपेगपासून वेगळी नसते. दिव्याचा उजेड, सेन्सरचा खरखरीतपणा, अर्ध्या पिक्सेलचा सरक, हे सगळं तुम्ही २६ एमबी देऊन अगदी बाइटन् बाइट जपता. कागद जपत नाही, स्कॅनरची खरखर जपता.

बिटूकाका

खरखरीचा मुद्दा पटला. पण जेपेगची अडचण पहिल्या सेव्हला नाही, पुढच्या हातांत आहे. कोणी पान सरळ करतं, कोणी कड कापतं, कोणी फिरवतं, आणि दर वेळी उघडून पुन्हा सेव्ह. कातरताना डावीकडून ३ पिक्सेल गेले की चौकोनांची जाळी ३ पिक्सेल सरकते. नव्या जाळीत जुन्या लाटा 'खरा तपशील' म्हणून मोजल्या जातात आणि त्यांच्यावर नव्या चढतात.

फिरवायचंच असेल तर जेपेगट्रान हा प्रोग्राम वापरा. ते चित्र न उलगडता चौकोनच हलवतं, हानी शून्य. तिथेही मेख आहे. ए४ ची ३५०८ ही उंची ८ ने भागली तर ४ उरतात, म्हणजे शेवटच्या चौकोनांच्या ओळीत खऱ्या पिक्सेलांच्या चारच रांगा. पान घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवलं की ती अर्धवट ओळ डावीकडे यायला हवी, आणि जेपेगमध्ये अर्धवट चौकोन फक्त उजव्या किंवा खालच्या कडेलाच बसतो. त्यामुळे कडेची पट्टी न फिरता चुकीची राहते, किंवा ट्रिम दिलं तर कापली जाते. २७० ला मात्र प्रश्न येत नाही, कारण तिथे रुंदी बघितली जाते आणि २४८० ला १६ ने पूर्ण भाग जातो. शेकडो पानांची बॅच लावताना 'पर्फेक्ट' हा स्विच लावून ठेवा. जमत नसेल तिथे तो चुकीची फाइल न बनवता थांबतो.

साखळदंड

दोन्ही बाजू पीएनजी का विसरतायत? लॉसलेस (काहीही न गमावणारी) आहे, टिफपेक्षा लहान आहे, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते.

पीएनजी प्रत्येक ओळ दाबण्याआधी तिची वजाबाकी करते. कागदाची ओळ समजा २३१, २३२, २३१, २३०. 'सब' फिल्टर डावीकडचा पिक्सेल वजा करतो: २३१, १, २५५, २५५ (उणे १ म्हणजे इथे २५५, हिशेब २५६ च्या चक्रात चालतो). एकूण पाच फिल्टर आहेत आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा एक बाइट सांगतो की कोणता लावला. पाचवा पेथ: डावीकडचा २००, वरचा २०४, तिरका २०१ असेल तर २०० + २०४ − २०१ = २०३, त्याला सगळ्यात जवळचा २०४, म्हणून अंदाज २०४. खरा पिक्सेल २०५ असेल तर साठवायचं फक्त १. मग ही लहान लहान आकड्यांची रांग झिपमध्येच असतं त्या डिफ्लेटने दाबली जाते. करड्या स्कॅनला चांगलाच फरक पडतो. रंगीत, डागाळलेल्या पानाला निम्मी झाली तरी खूप म्हणायचं, कारण खरखर दाबली जात नाही.

शिवाय प्रत्येक चंकच्या (फाइलच्या तुकड्याच्या) शेवटी ४ बाइटचा सीआरसी (तपासणीचा आकडा). फाइल बिघडली तर कळतं. टिफमध्ये एक बिट उलटला तर कोणी सांगत नाही.

दौतटाक

सांगत नाही हे खरं, पण काय वाचतं तेही बघा. कॉम्प्रेशन नसलेल्या टिफमध्ये पिक्सेलांच्या भागातला एक बिट उलटला तर एका पिक्सेलचा एक रंग चुकतो, बस. पीएनजीत सगळी पिक्सेलं मिळून डिफ्लेटचा एकच प्रवाह असतो. मध्ये बिघडला की तिथून खालचं पान गेलं. सीआरसी बिघाड दाखवतो, दुरुस्त करत नाही.

एलझेडडब्ल्यू (हानी न करणारं एक कॉम्प्रेशन) लावलेली टिफ या दोघांच्या मधली, कारण तिच्यात चित्र पट्ट्यांत कापलेलं असतं आणि प्रत्येक पट्टी स्वतंत्र दाबलेली. टॅग (फाइलमधली माहितीची नोंद) २७८ मध्ये पट्टीतल्या ओळींची संख्या असते. १९९२ च्या ६.० आवृत्तीची शिफारस पट्टीला साधारण ८ केबी, म्हणजे आपल्या रंगीत ए४ ला जवळजवळ ओळीला एक पट्टी. काही प्रोग्राम सगळं चित्र एकाच पट्टीत कोंबतात, तिथे हा फायदा संपला. एलझेडडब्ल्यू लावताना टॅग ३१७ चा प्रेडिक्टर २ ठेवायला विसरू नका. तो म्हणजे पीएनजीच्या 'सब' सारखीच डावीकडची वजाबाकी. त्याच्याशिवाय रंगीत स्कॅनवर एलझेडडब्ल्यूचा म्हणावा तसा उपयोग नाही.

साखळदंड

आणि टिफचा तोच बिट पाचव्या ते आठव्या बाइटमध्ये उलटला तर? टॅगांची यादी कुठे आहे तो पत्ता तिथे असतो. पत्ता चुकला की २६ एमबी धडधाकट असून फाइल उघडत नाही.

दौतटाक

मान्य. पण रुंदी, उंची, रंग माहीत असतील तर कच्चे बाइट म्हणून वाचून चित्र परत उभं करता येतं. दाबलेल्या प्रवाहाचं तसं होत नाही. मुळात फॉरमॅट कोणताही असो, प्रत्येक फाइलचा शा-२५६ (फाइलच्या बाइटांवरून निघणारा ओळख-आकडा) वेगळ्या यादीत लिहून ठेवा आणि वर्षातून एकदा ताडून बघा. बिघाड कळला की दुसरी प्रत उचलायची.

बिटूकाका

आणि जेपेगवाल्यांनी रीस्टार्ट मार्कर (वाचन नव्याने सुरू करायच्या खुणा) लावावेत. डीफॉल्टमध्ये नसतात, त्यामुळे एक बिट बिघडला की हफमन कोडची (कमी-जास्त लांबीच्या बिटगटांची) लय सुटते आणि तिथून खालचं पान रंग बदलत आडवं सरकतं. सीजेपेगला (लिबजेपेगचा जेपेग बनवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट १ दिलं की चौकोनांच्या प्रत्येक ओळीनंतर नवी सुरुवात, नुकसान तेवढ्या पट्टीपुरतं. आकार फारसा वाढत नाही.

गुळाचीढेप

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मोडीलिपिक

चर्चा छापील पानांवरच चालली आहे. हस्तलिखित मोडी कागदावर काळी शाई, वर लाल शेरा, कधी शिक्का. जेपेग रंग वेगळा काढून ४:२:० मध्ये चार पिक्सेलांना मिळून एकच रंग देतं. काळ्या फराट्यावरून गेलेली लाल रेघ तिथे तपकिरी होते, आणि कोणती शाई वर आहे हे सांगता येत नाही. शेरा नंतरचा की आधीचा, हा वाद अशाच दोन पिक्सेलांवर असतो. इमेजमॅजिक हा प्रोग्राम क्वालिटी ९० आणि त्यापुढे ४:४:४ (प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग) लावतो, पण सीजेपेगला '९५' सांगितलं तरी ४:२:० च राहतं. सॅम्पल १×१ वेगळं द्यावं लागतं.

आणखी एक. 'पीडीएफ लहान करा' या बटणामागे जेबिग२ (काळ्या-पांढऱ्या पानांचं कॉम्प्रेशन) असू शकतं. त्याची लॉसी (तपशील गमावणारी) पद्धत सारखी दिसणारी चिन्हं शोधते, एकच ठसा साठवते आणि सगळीकडे तोच डकवते. २०१३ मध्ये जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीसेल यांनी दाखवून दिलं होतं की झेरॉक्सच्या काही मशीनांच्या स्कॅनमध्ये ६ चा ८ होत होता. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म यांचं काय होईल याचा विचार करा. जेपेग निदान धूसर तरी करते; हे स्वच्छ, ठळक, चुकीचं अक्षर देतं.

पिवळंपान

लाल शेऱ्याचा मुद्दा मान्य, हस्तलिखितं माझ्या मतातून वगळतो. जेबिग२ मास्टरला कोणीच वापरू नये. छापील पुस्तकांबद्दल मात्र ठाम आहे: ४०० डीपीआय, ४:४:४, रीस्टार्टसह ९५, आणि त्या फाइलला पुन्हा हात नाही. कातरणं, सरळ करणं, लेव्हल्स, सगळं प्रतीवर. त्याच ग्रंथालयात दुसरी प्रत आहे, तिसरी दुसऱ्या गावात आहे. वाटलं तर पुन्हा स्कॅन करता येईल.

दौतटाक

कागद आम्लाने ठिसूळ झालेला असेल आणि पान उलटताना कोपरा हातात येत असेल, तर पुन्हा स्कॅन नाही. त्या पुस्तकांना तरी एलझेडडब्ल्यूची टिफ करा, जागा पीएनजीपेक्षा फार लागत नाही. बाकीच्या धडधाकट प्रतींना तुमची जेपेग, माझी हरकत नाही.

चौकटराजा

आणि गावनकाशे? ६०,००० × ४०,००० पिक्सेल, रंगीत, म्हणजे ७.२ जीबी. टिफचे पत्ते ३२ बिटांचे, ४ जीबीच्या पलीकडे पोचत नाहीत.

दौतटाक

बिगटिफ. फाइलच्या सुरुवातीला ओळखीचा आकडा ४२ ऐवजी ४३ आणि पत्ते ६४ बिटांचे. जुने प्रोग्राम उघडत नाहीत, आधी तपासून घ्या. ४ जीबीच्या आत बसवायला नकाशाचे तुकडे करणार असाल तर प्रत्येक तुकड्यात शेजारच्याची ५०० पिक्सेलची पट्टी दोनदा येऊ द्या, नाहीतर जोडताना बांधावरची रेघ कुठे जुळवायची ते कळत नाही.