मदत हवी आहे: ओ-यू-जी-एच मुलांना कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,
मराठी माध्यमाच्या सातवीतल्या मुलांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. लिहिलंय तसं वाचायची सवय असलेली ही मुलं ओ-यू-जी-एच या चार अक्षरांपाशी हमखास अडतात. दो, थ्रू, कॉफ, रफ, प्लाउ, थॉट... दर वेळी उच्चार निराळा! नियम विचारतात आणि मला तो देता येत नाही.

इतिहास सांगितला की मात्र कान टवकारतात. हा जी-एच पूर्वी घशातून, ‘ख’च्या जवळपास उच्चारला जायचा, पुढे कुठे तो गळाला, कुठे ‘फ’ झाला. 1476 मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना काढला, छपाईमुळे स्पेलिंगं हळूहळू स्थिरावली, उच्चार मात्र बदलत राहिले. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला मुका बी तर लॅटिन ‘डेबिटम’ची आठवण म्हणून विद्वानांनी मागाहून घातला. हे ऐकलं की तो शब्द मुलं विसरत नाहीत.

पण सगळेच शब्द असे कसे शिकवणार? फोनिक्सचं, म्हणजे अक्षर आणि आवाज यांची जोडी लावून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीचं, जे साहित्य पाहिलं, त्यात शब्द मुलांना कानाने आधीच ओळखीचे आहेत असं धरलेलं असतं. इथे तसं नाही.

उच्चारानुसार गट पाडलेला, मराठीतून समजावणारा तक्ता किंवा पुस्तक कुणाकडे आहे का? आणि आधी नियमित शब्द पक्के करून घ्यावेत, की अपवाद सुरुवातीपासूनच सोबत घ्यावेत? वर्गात शिकवलेल्यांनी कृपया सांगा.